घरातील डीव्हीडी : आधी कीर्द, मग खतावणी

नांदेडच्या जुन्या मोंढ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या जैन घराण्यांच्या कपाटांत दोन प्रकारचा ठेवा शेजारी शेजारी आढळतो. एका खणात लाल बासनात बांधलेल्या जुन्या वह्या आणि दुसऱ्या खणात प्लास्टिकच्या डब्यांत रचलेल्या सीडी व डीव्हीडी. डीव्हीडींवर जाड शाईपेनाने लिहिलेले असते : ‘अठाई व पारणे’, ‘मायरा, सप्तपदी : भाग २’, ‘पंचकल्याणक पूजा’, ‘आजीची पंच्याहत्तरी’. निजामाच्या काळातील वही आजही उघडता येते. मोडी किंवा मुडिया वाचणारा कोणी मिळाला की ती बोलू लागते. वीस वर्षांपूर्वीची डीव्हीडी मात्र मुकी झाली आहे, कारण ती वाचणारे यंत्रच घरात उरलेले नाही. नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची खाच नसते, टीव्हीखालचा प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला असतो.

ही उणीव एरवी जाणवत नाही. घरातील वडीलधारे माणूस जाते, गुणानुवाद सभेची तयारी सुरू होते, छायाचित्र मिळते. पण त्यांचा आवाज कोठे आहे, असे कोणीतरी विचारते आणि मग डबे उघडले जातात. कोणाकडून तरी प्लेअर आणला जातो. चित्र सुरू होते, चाळिसाव्या मिनिटाला चौकोन चौकोन होऊन थबकते आणि पुढे सरकत नाही. नेमके पुढेच आजीने नातसुनेला मराठी मिसळलेल्या मारवाडीत दिलेला आशीर्वाद होता, हे घरातील सर्वांना आठवत असते. तो आशीर्वाद वाचवायचा असेल, तर डीव्हीडीतील चित्रण वेळीच संगणकावर उतरवले पाहिजे, आणि तेही पुढे त्यातून हवा तो भाग काढता येईल, जोडता येईल अशा फाईलच्या रूपात.

श्रुत टिकले ते नकलेमुळे

जैन परंपरेला हा प्रश्न नवा नाही. जे मुखोद्गत होते ते विस्मरणात जाऊ लागले, तेव्हा ते लेखनबद्ध करण्याचा निर्णय आचार्यांनी घेतला. श्वेतांबर परंपरेनुसार वीर निर्वाणानंतर ९८० वर्षांनी, वाचनाभेदाने ९९३ वर्षांनी, वलभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिहून काढले गेले. दिगंबर परंपरेत आचार्य धरसेनांनी आपल्याजवळचे ज्ञान पुष्पदंत आणि भूतबली या मुनींना दिले व त्यातून षट्खंडागम सिद्ध झाला. त्याच्या पूर्तीचा दिवस श्रुतपंचमी म्हणून पाळला जातो.

लिहून झाल्यावरही काम संपले नव्हते. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेच्या ताडपत्री प्रती दक्षिणेत मूडबिद्री येथे जपून ठेवलेल्या होत्या, पण त्यांची पाने जीर्ण होत चालली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी त्या ग्रंथांच्या नकला करून घेण्याचा ध्यास घेतला. दोघेही व्यापारीच होते. नकलेचे काम कित्येक वर्षे चालले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली हा ग्रंथ अमरावतीहून १९३९ पासून छापून प्रसिद्ध होऊ लागला आणि १९५८ पर्यंत त्याचे १६ भाग पूर्ण झाले. दरम्यान हेच सिद्धान्तग्रंथ आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने ताम्रपत्रांवरही कोरले गेले. ताडपत्र, कागद, ताम्रपत्र अशी साधने बदलत गेली आणि मजकूर पुढच्या पिढीच्या हाती पोहोचला.

त्याच शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे सल्लेखना धारण केली. लातूरकर भाविकांना हे सिद्धक्षेत्र परके नाही. ८ सप्टेंबर १९५५ रोजी, सल्लेखनेच्या २६ व्या दिवशी, त्यांनी मराठीत सुमारे २२ मिनिटांचा अखेरचा उपदेश केला. १८ सप्टेंबरला समाधी झाली. तो उपदेश ध्वनिमुद्रित झाला, त्याच्या प्रती निघत राहिल्या, म्हणून आजही तो आवाज ऐकता येतो. घरातील डीव्हीडीला आगमाच्या पंक्तीत बसवण्याचे कारण नाही. पण टिकण्याचा नियम दोहोंना एकच लागू पडतो. मूळ वस्तू नाजूक असते. वेळेत नक्कल झाली तर आशय वाचतो.

डीव्हीडीच्या आत काय असते

घरगुती डीव्हीडी संगणकात घातली की बहुधा ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचे एक दालन दिसते. त्यात ‘व्हीओबी’ प्रकारच्या फाईली असतात. यांतील कोणतीही फाईल सुमारे एक गिगाबाइटपेक्षा मोठी नसते. म्हणून सलग विधीसुद्धा चार-पाच तुकड्यांत विभागलेला आढळतो. चित्र, आवाज आणि पडद्यावरील निवडीची यादी हे सारे त्यांत एकत्र विणलेले असते. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत चित्राचा आकार ७२० गुणिले ५७६ बिंदूंचा असतो आणि सेकंदाला २५ चित्रे असतात. त्याहून जुन्या व्हिडिओ सीडीत हाच आकार ३५२ गुणिले २८८ इतका लहान असतो व फाईलीच्या नावाअखेर ‘डॅट’ ही अक्षरे असतात.

ही रचना पाहण्यासाठी केलेली आहे, संपादनासाठी नाही. याचे कारण व्यापाऱ्याला वहीच्या उदाहरणाने चटकन कळेल. पानाच्या माथ्यावर मागील शिल्लक ओढलेली असते आणि खाली केवळ जमा-नावेच्या नोंदी असतात. मधल्या एखाद्या ओळीची शिल्लक हवी असेल तर माथ्यापासून बेरीज करीत यावे लागते. डीव्हीडीतील ‘एमपेग-२’ पद्धत अशीच चालते. साधारण अर्ध्या सेकंदातून एकदाच पूर्ण चित्र साठवलेले असते. मधली दहा-बारा चित्रे म्हणजे केवळ फरकाच्या नोंदी. त्यामुळे नेमक्या क्षणी कात्री चालवली की चित्र फुटते किंवा आवाज मागे-पुढे होतो. फाईलीचे केवळ नाव बदलून तिचे ‘एमपी-४’ होत नाही.

पहिली पायरी : कीर्द

दुकानात आधी कीर्द लिहिली जाते. दिवसभराची प्रत्येक नोंद जशी घडली तशी तीत उतरते. खतावणी त्यावरून नंतर होते. खतावणीत चूक झाली तर कीर्दीवरून ती सुधारता येते. कीर्दच नसेल तर सुधारायचे कशावरून? डीव्हीडीच्या बाबतीत हाच क्रम पाळावा. संपादनाचा मोह बाजूला ठेवून प्रथम संपूर्ण डीव्हीडीची जशीच्या तशी नक्कल करून घ्यावी.

यासाठी यूएसबीने जोडता येणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह पुरेसा होतो. संपूर्ण डीव्हीडीची एकसंध प्रतिमा ‘आयएसओ’ या प्रकारच्या एकाच फाईलीत घेता येते. ‘इमगबर्न’ हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर हे काम करते. तेही जमत नसेल तर ‘व्हिडिओ_टीएस’ हे दालन उचलून संगणकावर ठेवले तरी चालते. चित्रपटांच्या विकत मिळणाऱ्या डीव्हीडींवर जे कुलूप असते ते घरगुती डीव्हीडीवर नसते. भरलेली डीव्हीडी ४.७ गिगाबाइटची असते आणि चांगल्या स्थितीत असेल तर पाव तासाच्या आसपास उतरते. एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशेहून अधिक डीव्हीडी मावतात. म्हणजे बहुतेक घरांचा सगळा डबा एकाच डिस्कवर बसतो.

नक्कल होताच नाव द्यावे, आणि नाव तारखेने सुरू व्हावे : वर्ष, महिना, दिवस, मग गाव आणि प्रसंग. तारीख निश्चित ठाऊक नसेल तर वर्ष तरी लिहावे. सोबत एका साध्या वहीत कोण कोण दिसते हेही नोंदवावे. मामेसासऱ्यांच्या शेजारी बसलेले फेटेवाले गृहस्थ कोण, हे सांगू शकणारे घरात एखादेच माणूस उरलेले असते. यंत्राला चेहरा दिसतो, नाते दिसत नाही. म्हणून हे काम वृद्धांना सोबत बसवून करावे. त्यात त्यांचाही वेळ आनंदात जातो आणि नोंदही खरी होते.

दुसरी पायरी : खतावणी

कीर्द सुरक्षित झाली की संपादनयोग्य फाईल करावी. याचे दोन मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात चित्राला धक्का न लावता केवळ आवरण बदलले जाते. ‘मेकएमकेव्ही’ हे सॉफ्टवेअर व्हीओबीचे तुकडे जोडून एक सलग ‘एमकेव्ही’ फाईल देते. डीव्हीडीसाठी त्याचा वापर मोफत आहे, काम काही मिनिटांत होते आणि चित्राचा दर्जा तसूभरही उतरत नाही. ज्यांना फक्त नको असलेला भाग काढायचा आहे त्यांना ‘लॉसलेसकट’सारखे साधन पुरते. मात्र कात्री पूर्ण चित्राच्या जागीच लागते, तेव्हा अर्ध्या सेकंदाचे अंतर मान्य करावे लागते.

दुसऱ्या मार्गात चित्रण नव्या पद्धतीत पुन्हा बांधले जाते. ‘हँडब्रेक’ हे मोफत सॉफ्टवेअर त्यातून ‘एच-२६४’ पद्धतीची एमपी-४ फाईल तयार करते. ही फाईल फोन, टीव्ही आणि संगणक सर्वत्र चालते व ‘शॉटकट’, ‘केडेनलाइव्ह’ यांसारख्या मोफत संपादन-सॉफ्टवेअरमध्ये सहज उघडते. दर्जा ठरवणारा आकडा येथे १८ ते २० च्या दरम्यान ठेवावा. आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला आणि फाईल मोठी.

येथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. जुन्या चित्रणात प्रत्येक चित्र सम आणि विषम ओळींच्या दोन भागांत घेतलेले असते. संगणकाच्या पडद्यावर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ते यामुळे. हँडब्रेकमधील ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडला की ते जातात. दुसरी गोष्ट प्रमाणाची. ७२० गुणिले ५७६ हा साठवणीचा आकार आहे. दाखवताना तो ४:३ किंवा १६:९ या प्रमाणात ताणावा लागतो. हे प्रमाण चुकले की नवरदेव अकारण स्थूल किंवा कृश दिसू लागतो. आणखी एक मोह टाळावा : जुन्या डीव्हीडीचे ‘फोर-के’ करून देतो, या जाहिरातीने भुलू नये. जो तपशील कॅमेऱ्याने टिपलाच नाही तो यंत्र केवळ अनुमानाने भरते. आजीच्या चेहऱ्यावरची सुरकुती अनुमानाने भरलेली असू नये.

अडणारी डीव्हीडी

घरी लिहिलेली डीव्हीडी आणि कारखान्यात छापलेली डीव्हीडी यांत मोठा फरक आहे. घरच्या डीव्हीडीत प्लास्टिकच्या दोन पातळ थरांमध्ये रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसरने त्यावर खुणा उमटवलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हा थर क्षीण होतो. मराठवाड्यात वैशाखात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याखालच्या माळ्यावरील लोखंडी पेटीत तर उष्मा त्याहूनही अधिक. डीव्हीडी तेथे ठेवणे म्हणजे त्या थराची भट्टी लावण्यासारखे आहे. थंड, कोरडा, अंधारा खण तिला मानवतो. पुसताना मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवू नये.

तरीही डीव्हीडी अडली तर घाई करू नये. एका ड्राइव्हवर न चालणारी डीव्हीडी दुसऱ्यावर चालते, असे पुष्कळदा होते. न वाचता येणारे भाग बाजूला ठेवून आधी वाचता येणारे सर्व उतरवणारे आणि नंतर अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारे ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन जाणकार वापरतात. दीड तासाच्या विधीतील दोन मिनिटे गेली, तरी बाकीचे हाती राहते.

काही वेळा डीव्हीडी कोरी दिसते. वस्तुतः ती कोरी नसते. आठ सेंटिमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर थेट चित्रण करणारे कॅमेरे एके काळी घरोघरी होते. चित्रण झाल्यावर ‘फायनलाइज’ ही अखेरची क्रिया राहून गेली, तर संगणकाला ती डीव्हीडी वाचता येत नाही. जुना कॅमेरा चालू स्थितीत असेल तर त्याच्यावरच ही क्रिया पूर्ण करता येते. म्हणून अशी डीव्हीडी फेकू नये, आणि तो कॅमेराही फेकू नये. उतरवण्याचे काम चालू असताना वीज गेली तर खोळंबा होतो; लॅपटॉप नसेल तर संगणकाला इन्व्हर्टरचा आधार द्यावा.

गाण्यांखाली हरवलेले आवाज

बहुतेक घरांना सर्वांत मोठा धक्का तांत्रिक बिघाडाचा बसत नाही. चित्र स्वच्छ उतरते, पण मायऱ्याच्या वेळी मामा काय बोलले ते ऐकू येत नाही, कारण त्यावर चित्रपटगीत चढवलेले असते. त्या काळच्या लग्नाच्या चित्रफितीत मूळ आवाज पुसून गाणी भरण्याची रीतच होती. पुसलेला आवाज संपादनाने परत येत नाही. अशी डीव्हीडी समाजमाध्यमावर टाकली तर गीताच्या हक्कामुळे ती अडवलीही जाते.

यावर एकच आशा असते. डीव्हीडी ही तयार झालेली प्रत आहे. तिच्यामागे चित्रणाच्या मूळ कॅसेट असतात. त्या काळच्या छायाचित्रकाराकडे, त्याच्या मुलाकडे किंवा घरातल्याच जुन्या व्हीएचएसच्या डब्यात त्या सापडण्याची शक्यता असते. त्यांवर मंत्रोच्चार, मंगलपाठ, बायकांची गाणी आणि स्वयंपाकघरातील गलका जसाच्या तसा असतो. विचारणा आताच करावी. चुंबकीय फीतही म्हातारी होते आणि ती वाचणारी यंत्रेही.

काय ठेवावे, काय सोडावे

या ठिकाणी जैन मनात एक शंका उठते, आणि ती रास्त आहे. इतके सारे साठवणे हा परिग्रहच नव्हे काय? गेलेल्या माणसाचे रूप पुन्हा पुन्हा पाहणे म्हणजे मोह वाढवणेच नव्हे काय? तीनशे तासांचे चित्रण डिस्कवर नुसते पडून राहणार असेल, तर उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागेल. संपादनाचे खरे मोल येथेच आहे. संपादन म्हणजे विवेकाने सोडणे. चार तासांच्या लग्नातून भोजनाच्या पंगती, अहेराची रांग आणि फुलांतून उमटणारे चेहरे वगळले, तर वीस मिनिटे उरतात. त्या वीस मिनिटांत आजोबा मुनींसमोर पच्चक्खाण घेताना दिसतात, आजी मासखमणाच्या पारण्याला ओंजळ पुढे करताना दिसते, एखादी काकू दशलक्षणात पूजेचे अर्घ्य चढवताना दिसते. नातवंडांनी ज्या आचाराचे फक्त वर्णन ऐकले तो आचार त्यांना घरच्या माणसांच्या हातांत पाहायला मिळतो. हे साठवण धनाचे नाही, संस्काराचे आहे.

सोडण्यात मर्यादाही आली. अनेक साधू-साध्वी चित्रण व ध्वनिवर्धक यांना अनुमती देत नाहीत. स्थानकवासी परंपरेत याबाबत विशेष दक्षता असते. पूर्वी कोणी नकळत केलेले असे चित्रण घरात असेल, तर ते चारचौघांत पसरवण्याआधी संघातील ज्येष्ठांना विचारावे. संथाऱ्याच्या क्षणांचे चित्रण तर घराबाहेर जाऊच नये. भाऊबंदांतील जुन्या भांडणाचा, कोणाच्या कमीपणाचा क्षण कॅमेऱ्याने टिपला असेल तर तो नव्या प्रतीत घेऊ नये. दरवर्षी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून जे सोडले, ते संपादकाने पुन्हा उकरू नये.

एक प्रत दुसऱ्या गावी

नक्कल झाली तरी ती एकाच कपाटात ठेवून भागत नाही. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. दिगंबर समाजाच्या दशलक्षण पर्वाचा तो समारोपाचा दिवस. दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची धरणी हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या दगड-मातीच्या घरांबरोबर वह्या, छायाचित्रे, वंशावळी असे सारे काही गाडले गेले. नांदेडला गोदावरीच्या पुराचे पाणी सखल वस्त्यांत शिरते, तेव्हा खालच्या खणातील कागद आधी भिजतात. या दोन जिल्ह्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून तीन प्रती ठेवाव्यात : एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी. लातूरच्या घराची डिस्क नांदेडला दिलेल्या लेकीकडे, नांदेडची लातूरच्या भावाकडे, असा व्यवहार सहज होऊ शकतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत मोजणीत धरू नये. ती पाठवतानाच आक्रसते. मूळ डीव्हीडीही टाकून देऊ नये. वर्षातून एकदा डिस्क जोडून फाईली उघडतात की नाही ते पाहावे, आणि काही वर्षांनी नवी डिस्क घेऊन सर्व तिच्यावर उतरवावे. या कामाला अंत नाही. ग्रंथभांडारांतील लेखनिकांच्या कामालाही तो नव्हता.

त्यासाठी मुहूर्तही घरातच आहे. दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध पंचमीला, लाभपंचमीच्या मुहूर्तावर दुकाने उघडतात. श्वेतांबर समाजात तीच ज्ञानपंचमी. त्या दिवशी ग्रंथ बाहेर काढून, धूळ झटकून, नव्या वेष्टनात बांधले जातात. दिगंबर घरांत हेच काम ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला होते. ग्रंथांबरोबर तो प्लास्टिकचा डबाही खाली उतरवावा. त्या दिवशी एकच डीव्हीडी उतरली तरी चालेल; मात्र ती आजीचा आवाज असलेली असावी.